ओलीचा डाग

या, आत या. उंबरा जरा बघून ओलांडा, दगड झिजून खोलगट झालाय आणि दरवर्षी कुणीतरी तिथे तोंडावर आपटतं. चपला काढायची गरज नाही, हे चर्च आहे. पण काढल्यात तर मला बरं वाटेल. फरशी आत्ताच पुसली आहे.

हं, आता त्या उत्तरेच्या भिंतीकडे बघा. एवढी थोरली भिंत आणि तिच्यावर काही म्हणजे काही नाही. चित्र नाही, मूर्ती नाही, साधी रेघ नाही. नुसता पांढराशुभ्र चुना. आणि मधोमध, आपल्या डोक्याच्या बऱ्याच वर, तळहाताएवढी एक जागा तेवढी चुन्यावाचून राहिलेली. चर्चच्या दप्तरात तिला ‘ओलीचा डाग’ म्हणतात. विम्याचा माणूस येतो, तोही तसंच लिहून नेतो. अहो, मोबाईल ठेवा खिशात. आधी ऐका, मग जवळून बघा. आत्ता बघितलंत तर नुसता डागच दिसेल.

मी मूळची कऱ्हाडची. लग्न होऊन इंग्लंडच्या या कोल्डमियर गावात आले, नवरा गेला, मुलं लंडनला गेली आणि चर्चची किल्ली माझ्या कमरेला आली. सकाळी घरी देवापाशी दिवा लावते आणि मग इथे येऊन केर काढते. दोन्हीकडून अजून तरी तक्रार आलेली नाही. ही गोष्ट मला शेजारच्या विनिफ्रेड आजींनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजीनं. तेव्हा खरं-खोटं मला विचारू नका.

असं सांगतात, की पाचएकशे वर्षांपूर्वी टेकडीपलीकडे साधूंचा एक मोठा मठ होता आणि इकडे ओढ्याकाठी चुन्याची भट्टी होती. भट्टी एमट नावाच्या बाईची. तिचा नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हा बाईमाणूस काय भट्टी चालवणार म्हणून लोकांनी नाकं मुरडली. तिनं चालवली. दगड भाजावा, विझवावा, मुरवावा, आणि साय काढलेलं दूध घालून असा घोटावा, की भिंतीला एकदा धरला की सुटायचं नाव नको. पाऊस झोडपून जावो, थंडीनं दगड तडकोत, एमटचा चुना जागचा हलायचा नाही. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. हे ध्यानात ठेवा. पुढे सगळं इथेच अडणार आहे.

एमटला एकच लेक, सिसली. सात वर्षांची, भारी वटवटी, पुढचे दोन दात पडलेले. त्या वर्षी मठानं पैसे दिले आणि एक फिरता चितारी या भिंतीवर शेवटच्या न्यायाचं, म्हणजे जगाच्या अखेरीस देव मेलेल्यांचा निवाडा करतो त्याचं, चित्र काढायला आला. खाली थडगी उघडताहेत, एका बाजूला नरकाचा जबडा, दुसऱ्या बाजूला वर निघालेले जीव, आणि ढगातून एका देवदूताचा हात खाली आलेला, उघडा, एकेकाला वर घ्यायला. चितारी गावातलीच तोंडं चित्रात घालायचा. नरकात त्यानं दारूच्या गुत्तेवाल्याला घातलं, त्यावरून आठवडाभर गाव हसत होतं. सिसली दिवसभर त्याच्या शिडीखाली लुडबुडायची. त्यानं तिलाही घेतलं, वर जाणाऱ्यांत, अगदी पहिली. डावा हात उंच केलेला, तोंडभर हसू आणि त्या हसण्यात ती दातांची खिंड. तिची बोटं आणि देवदूताचा हात यांच्यामध्ये वीतभर अंतर त्यानं ठेवलं. म्हणाला, “आत्ताच कशाला पोचवायची? पोर आहे.”

एमट हसली. आणि त्याच उन्हाळ्यात घामाच्या तापाची साथ आली. सकाळी अंग गरम झालं की संध्याकाळपर्यंत माणूस गार, असा तो ताप. सिसली गेली. एवढी माणसं गेली, की वेगवेगळी थडगी कुठून खणणार? सगळ्यांना एकाच खड्ड्यात लोटलं, नावाचा दगडसुद्धा नाही. एमटला लेकीचं म्हणून उरलं ते या भिंतीवरचं तोंड.

तेव्हाची श्रद्धा अशी, की मेलेला जीव एकदम वर पोचत नाही. वाटेत अडकतो, तिष्ठतो. मागच्यांनी मेणबत्ती लावावी, प्रार्थना म्हणावी, म्हणजे तो एकेक पायरी चढतो. आपल्याकडे पितरांचं करतात, तसंच म्हणा ना. नोव्हेंबर लागला की मृतांचा दिवस असायचा, त्या दिवशी सगळं गाव इथे जमायचं. एमट मात्र रोज यायची. भट्टीवरून परस्पर, भुवयांवर चुना तसाच, आणि या भिंतीखाली मेणबत्ती लावून लेकीशी दिवसभराचं बोलायची.

मग राजाचं आणि रोमच्या पोपचं फाटलं. गावाला वाटलं, थोरामोठ्यांची भांडणं, आपल्याला काय त्याचं? पण ती झिरपत झिरपत खाली आलीच. मठ बंद झाला. साधू पोटापाण्याला चार दिशांना गेले, जमिनी दरबारातल्या लोकांनी घशात घातल्या, आणि मठाचे दगड गाड्यांवर लादून एमटच्या भट्टीवर आले. चुनखडीचाच दगड तो, भाजला की चुना. त्यात कोरलेल्या मूर्तीही होत्या. एमटनं संतांची डोकी आपल्या हातानं भट्टीत रचली. एकेका डोक्याचं तोंड पलीकडे वळवून ठेवायची, म्हणे. तेवढंच तिच्या हातात होतं.

म्हातारा राजा गेला, गादीवर त्याचं कोवळं पोर आलं, आणि नव्या धर्माच्या लोकांचं राज्य आलं. हुकूम सुटले. चित्रं पुसा, मूर्ती फोडा, मेणबत्त्या विझवा. मेलेला मेला, त्याचं देवाशी काय ते ठरलं, जिवंतांनी मध्ये पडायचं नाही. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. मेलेल्यांच्या नावावर मठवाल्यांनी पोटं वाढवली होती, हे गावालाही दिसत होतं. पण म्हणून आईला सांगायचं, की लेकीचं नाव घेऊ नकोस?

इथले पाद्री बेनेट म्हणजे भला पण भित्रा माणूस. ते भट्टीवर गेले. भिंत पांढरी करायची होती आणि चुना एमटकडेच होता.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझ्या जिवावर येत असेल तर मी परगावचा माणूस बोलावतो.”

“नको, पाद्रीबाबा,” एमट म्हणाली. “तो तिच्या तोंडावर कुंचला मारेल.”

तिनं स्वतः भिंत पांढरी केली. मठाच्या दगडांचा, संतांच्या तोंडांचा चुना, आणि त्यानंच संतांची तोंडं झाकली. नरक झाकला, थडगी झाकली, ढग, देवदूत, तो उघडा हात, सगळं आपल्या नेहमीच्या पक्क्या चुन्यानं, की तपासायला येणाऱ्यानं बोट ठेवायला जागा नको. सिसली तेवढी शेवटी ठेवली. आणि तिथे ती चोरी करून बसली. झग्याआड लोण्याचा गोळा आणला होता. लेकराला न्हाऊ घालण्याआधी तेल चोळतात, तसं तिनं त्या चित्रातल्या कपाळाला, गालांना, उंचावलेल्या हाताला लोणी चोळलं आणि वरून चुना फिरवला. लोण्यावर चुना धरत नाही. वर्षभरात सुटेल, लेकीचं तोंड पुन्हा दिसेल. एवढंच तिला हवं होतं.

तसंच झालं. पुढच्या वर्षीच्या पावसांनंतर, नेमक्या मृतांच्या दिवसाच्या सुमाराला, तिथल्या चुन्याचा पापुद्रा गळून पडला. एमट सकाळी आली तर सगळ्या पांढऱ्या भिंतीत लेकीचं एकटीचं तोंड. तिला रडू फुटलं. शिडी लावून जवळ गेली, गालावरून बोट फिरवलं, आणि ओठांपाशी येऊन ते बोट थांबलं.

ती तशीच पाद्रीबाबांकडे गेली. ते दारात शेंगा सोलत बसले होते.

“दात आलेत,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“सिसलीला. पुढचे दोन. चितारीनं खिंड ठेवली होती, तुम्हीच हसला नव्हतात का? आता तिथे दात आहेत.”

बेनेट येऊन बघून गेले. “ओल आहे, ओलीनं रंग पसरतो,” एवढंच बोलले. पण त्या दिवसापासून ते या भिंतीकडे पाठ करून प्रार्थना म्हणायला लागले.

लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून एमटनं पुन्हा लोणी चोळलं, पुन्हा चुना लावला. पुढच्या साली पापुद्रा पडला तेव्हा सिसलीचे केस खांद्याखाली आले होते. त्याच्या पुढच्या साली हनुवटी निमुळती झाली. मरून खड्ड्यात गेलेली पोर भिंतीत वाढत होती, बायांनो! कुणी दुसरी असती तर गाव सोडून पळाली असती. एमट वाट बघायला लागली. दिवाळीला लेक माहेरी यावी, तशी तिची सिसली वर्षातून एकदा येत होती. ती घरी गोड पाव भाजायची, नवा झगा घालायची आणि इथे येऊन भिंतीसमोर बसायची. तिला भीती नव्हती, उलट सुख होतं. आणि त्या सुखात तिच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही, की पोरीचं हसू दर साली थोडं थोडं कमी होतंय.

तो कोवळा राजाही गेला, त्याची थोरली बहीण राणी झाली आणि वारं उलटं फिरलं. जुना धर्म परत आला. मेणबत्त्या परत आल्या. कालपर्यंत ज्यांनी मूर्ती फोडल्या तेच हातोडी लपवून जपमाळा शोधायला लागले. गाव म्हणालं, आता भिंत उघडू या. पण उघडते कसली? चुना एमटचा होता. जिथे खरवडलं तिथे चुन्याबरोबर रंगही निघून आला, खाली उघडा गिलावा. दोन-चार जागी नासधूस झाली आणि लोकांनी नाद सोडला. सिसलीवरचा चुना मात्र आता पुन्हा लावायचं कारण नव्हतं. ती रोज दिसायला लागली. एमटला आभाळ ठेंगणं झालं.

आणि रोज बघायला लागली, तेव्हाच तिला ते दिसलं.

सिसलीच्या उंचावलेल्या बोटांच्या वर, पक्क्या चुन्यावर, बारीक ओरखडे होते. आधी तिला वाटलं, वटवाघळं असतील. तिनं ओला हात फिरवून ते बुजवले. आठ दिवसांनी पुन्हा आले, आधीपेक्षा लांब, आणि सगळे खालून वर गेलेले. एके दिवशी भर दुपारी, दारातून लख्ख ऊन आत आलेलं असताना, ती शिडीवर चढली आणि चित्रातल्या हाताजवळ डोळे नेले. बोटं रंगातली. नखं रंगातली. आणि नखांच्या आत पांढरा चुना भरलेला होता.

तशीच ती शिडीवर बसली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या तोंडाकडे आईच्या हौसेनं नाही, नीट बघितलं. सिसली तिच्याकडे बघतच नव्हती. इतक्या वर्षांत कधीच बघितलं नव्हतं. तिचे डोळे वर होते, जिथे तो हात होता तिथे. आणि तिथे आईनंच लावलेला, कधी न सुटणारा चुना होता. बाकीचे जीव त्या हाताबरोबर एकदमच झाकले गेले होते, ते चुन्याआडून आपापल्या वाटेनं गेले असतील. हिला एकटीला आईनं उंबऱ्यावर उघडं ठेवलं होतं आणि समोरचं दार बंद केलं होतं. पोर वाढत होती, कारण तिला ना इकडे येता येत होतं ना तिकडे जाता येत होतं.

एमट पाद्रीबाबांच्या पायांशी जाऊन पडली. “मी तिला भेटत नव्हते हो, बाबा. मी तिला अडवून धरलं होतं.”

बेनेट म्हातारे झाले होते. ते म्हणाले, “मग सोड तिला.” आणि मग, “सोडवेल का तुला?”

तिला सोडवेना. खरं सांगते, तिला सोडवेना. या हिवाळ्यानंतर बघू, पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं ती करत राहिली. भिंतीवरची मुलगी आता तरणीताठी बाई झाली होती, अगदी एमटच उभी असावी तशी, आणि ओठ घट्ट मिटलेले. ओरखडे हातभर लांब गेले होते. पण वाट चुकत होती, देवदूताच्या हाताला बगल देऊन भलतीकडेच चालली होती. बिचारीला दिसत नव्हतं ना, झाकलेलं.

तेवढ्यात ती राणीही गेली, धाकटी बहीण गादीवर आली, आणि वारं पुन्हा फिरलं. नव्या राणीचा तपासनीस आला. तरुण माणूस, बोलायला मऊ, टोपी कधी न काढणारा. त्यानं भिंतीवरचं तोंड पाहिलं आणि बेनेटना म्हणाला, “महाराज, पुढच्या खेपेला हे दिसलं, तर नुसती सफेदी चालायची नाही. गिलावा दगडापर्यंत फोडून टाकावा लागेल.” आणि कधी येईन, तेही सांगून गेला. मृतांच्या दिवसानंतर लगेच.

आता एमटला टाळाटाळ करायला जागा उरली नाही. गिलावा फोडला तर सिसली मातीमोल. वरून पक्का चुना लावला तर वाट चुकलेली सिसली त्या भिंतीत कायमची कोंडलेली. वाट एकच होती, आणि ती वाट तिनंच बुजवली होती.

मृतांच्या दिवशी उजाडताच ती इथे आली. घरच्या सफरचंदांचं व्हिनेगर, मऊ चिंध्या आणि घोटलेला चुना. व्हिनेगरनं चुना फसफसून विरतो, हे तिला ठाऊक होतं. जरा जास्त झालं तर खालचा रंगही जातो, हेही ठाऊक होतं. चितारीनं ठेवलेलं ते वीतभर अंतर तिला पाठ होतं. तिथे ती थेंब थेंब टिपत बसली. तोंडानं फुंकर घालायची, चिंधीनं टिपायची, पुन्हा थेंब. दुपार कलायला आली तेव्हा ढगाचा निळा रंग दिसला, मग एक बोट, मग तळवा. उघडा, खाली झुकलेला, रिकामा. इतकी वर्षं तो तसाच थांबलेला होता.

तिनं सिसलीकडे बघितलं. सिसलीची नजर हातावर होती.

आता फक्त चुना लावायचा होता, आणि एमटचा हात उचलेना. आणखी एक वर्ष? तपासनीस नाही आला तर? रस्ता चिखलाचा आहे, नाही यायचा कदाचित. अशी ती बसली असताना, बाहेर ऊन आणि ओढ्यावर बदकं ओरडताहेत अशा वेळी, भिंतीतून खरवडल्याचा आवाज आला. बारीक. नखांचा. घाईचा.

“आले गं,” एमट म्हणाली. “थांब, लावते.”

कुंचला तिनं घेतलाच नाही. या वेळी लोणीही नाही. तळहातावर पक्का चुना घेतला आणि कपाळापासून सुरुवात केली. चुन्यानं हात पोळतो, हे काय तिला सांगायला हवं? तिनं तशाच हातानं गाल झाकले, ओठ झाकले, डोळे झाकले. हाताखाली गाल कोमट लागला, असं तिनं नंतर सांगितलं. सगळ्यात शेवटी उंचावलेली बोटं राहिली. आपल्याकडे निरोप देताना ‘जा’ म्हणत नाहीत, ‘ये’ म्हणतात. पण एमट म्हणाली, “जा. मागे बघू नकोस.” आणि बोटांवरून हात फिरवला.

खाली उतरून तिनं हात पाण्याच्या घंगाळात बुडवले. कातडी निघाली होती. मग वर बघितलं आणि तिथेच गुडघ्यांवर बसली.

तपासनीस दुसऱ्या दिवशी आला. भिंत पांढरी होती, आणि मध्ये तेवढा तळहाताएवढा तुकडा उघडा. पाद्रीबाबांनी शिडी धरली. तो शिडीवर चढला आणि बराच वेळ चढलेलाच राहिला. उतरला तेव्हा टोपी हातात होती.

“तिथे काय आहे, कुणी विचारलं तर,” तो म्हणाला, “ओलीचा डाग आहे म्हणून सांगा. त्याला हात लावू नका.” घोड्यावर बसला आणि गेला. पुन्हा आला नाही.

सिसलीवरचा चुना त्यानंतर कधी सुटला नाही. एमट पुढे पुष्कळ जगली. दर वर्षी त्या दिवशी येऊन भिंतीवरून हात फिरवायची आणि कोरी भिंत बघून परत जायची. तिच्या तळहातांवर रेषा उरल्या नव्हत्या.

आजही कोल्डमियरमध्ये मृतांच्या दिवशी या भिंतीला चुना लावतात, तो कुंचल्यानं नाही, उघड्या हातानं. गावातल्या बायाच लावतात. डाग सोडून देतात. लावून झालं की सगळ्यात थोरली बाई भिंतीला तोंड लावून हळूच विचारते, “पोचलीस ना गं?” आणि विचारलं की सगळ्याजणी लगबगीनं बाहेर पडतात, उत्तराला थांबत नाहीत. एकदा एक थांबली होती, म्हणे. तिला काय ऐकू आलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर ती आपल्या पोरीचा हात सोडेना. गेल्या साली विचारायची पाळी माझ्यावर आली. मी आपलं मराठीत विचारलं. आणि मीही थांबले नाही.

चला, आता या शिडीवर एकेकानं. हळू. हात टेकवू नका. चितारीनं हात उघडा काढला होता, हे आठवतंय ना? आता बघा. मूठ मिटलेली आहे. आणि मुठीतून बाहेर आलेली ती तीन बोटांची टोकं बघा, नखांत पांढरा चुना असलेली.

दिसली? किती लहान आहेत बघा. सात वर्षांच्या पोरीची.